खासदार-आमदारांचं कर, अर्थसंकल्प आणि घरांवरचं सभागृहातलं काम कसं तपासायचं?

हिशेबनीस

२३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात घर-जमीन विकल्यावरच्या दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरचा कर २० टक्क्यांवरून १२.५ टक्के केला गेला आणि त्याच वेळी महागाई निर्देशांकाची सवलत काढून टाकली. ऐकायला दर कमी झाला, पण अनेकांचा कर वाढत होता.

एक सरळ गणित घ्या. २००१-०२ मध्ये १० लाखांना घेतलेलं घर २०२४-२५ मध्ये ६० लाखांना विकलं. निर्देशांक १०० वरून ३६३, म्हणजे जुन्या पद्धतीत खरेदी किंमत ३६.३० लाख धरायची. नफा २३.७० लाख, त्यावर २० टक्के म्हणजे ४.७४ लाख. नव्या पद्धतीत नफा ५० लाख, त्यावर १२.५ टक्के म्हणजे ६.२५ लाख. अधिभार आणि उपकर धरले नाहीत, तरी दीड लाखाचा फरक. हेच घर एक कोटीला गेलं असतं तर जुन्या पद्धतीत १२.७४ लाख आणि नव्यात ११.२५ लाख. या खरेदी वर्षासाठी किंमत साधारण आठपट झाली तरच नवा दर परवडतो. ज्या गावात, ज्या उपनगरात भाव तेवढे चढले नाहीत तिथला माणूस मार खाणार होता.

मग ७ ऑगस्टला लोकसभेत वित्त विधेयक (अर्थसंकल्पातले करबदल कायद्यात आणणारं) मंजूर होताना सरकारनेच दुरुस्ती आणली: २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबाने दोन्ही पद्धतींनी कर काढावा आणि कमी असेल तो भरावा.

मला विचारायचंय ते हे. या पंधरा दिवसांत जे खासदार बोलले, त्यांच्या कामाचा भाग यात किती, हे आपण मतदारांनी कसं ओळखायचं? सभासदांच्या कामाची जी प्रगतिपुस्तकं निघतात त्यांत हजेरी, प्रश्नसंख्या, चर्चासंख्या मिळते. माझं मत असं की आकडे फारसे उपयोगाचे नाहीत. ज्या भाषणाला कलम क्रमांक, मागणी क्रमांक (मागणी म्हणजे विभागाने खर्चासाठी सभागृहाकडे मागितलेली रक्कम) किंवा मंत्र्याचं उत्तर जोडता येत नाही, ते कामात धरू नये. तुमचं काय म्हणणं?

---

कलम११०

प्रश्न चांगला आहे, पण आधी सभासदाच्या हातात काय असतं ते पाहू, नाहीतर आपण त्याच्याकडून नको ते मागू.

कर बसवणं किंवा वाढवणं हे सभासदाच्या हातात नाही. अनुच्छेद ११७ नुसार तसं विधेयक किंवा तशी दुरुस्ती राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही, म्हणजे व्यवहारात सरकारशिवाय नाही. पण त्याच अनुच्छेदात सूट आहे: कर कमी करणारी किंवा रद्द करणारी दुरुस्ती कोणीही मांडू शकतो, शिफारस लागत नाही. राज्यात हेच अनुच्छेद २०७ मध्ये. म्हणून वित्त विधेयकावर खाजगी सभासदाची दुरुस्ती नेहमी 'कमी करा' या दिशेची दिसते.

खर्चाच्या बाजूलाही तसंच. मागणी वाढवता येत नाही, फक्त कमी करता किंवा नाकारता येते. 'घरकुलांना अजून ५०० कोटी द्या' असा प्रस्ताव मतदानाला येऊच शकत नाही. विनियोजन विधेयकावर (मंजूर खर्च तिजोरीतून काढायची परवानगी देणाऱ्या) तर रक्कम किंवा तिचा उद्देश बदलणारी दुरुस्तीच चालत नाही.

राज्यसभेचा सभासद असेल तर अजून अरुंद वाट. धन विधेयक (फक्त कर आणि सरकारी खर्चाचं) तिथे १४ दिवसांत परत करायचं, शिफारशी करायच्या, आणि लोकसभेने त्या मानायच्या की नाही हे तिने ठरवायचं. राज्यात विधान परिषदेचंही तेच, अनुच्छेद १९८.

---

गिरगावकर

हिशेबनीस, तुमच्या शेवटच्या वाक्याशी असहमत. तुमचंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. ७ ऑगस्टची दुरुस्ती सरकारी होती, त्यामुळे तिच्यावर एकाही साध्या सभासदाचं नाव नाही. पण २३ जुलैनंतरच्या चर्चेत लोकांनी आकड्यांनिशी हा मुद्दा लावून धरला नसता तर ती आली असती का? तुमची कसोटी लावली तर नेमकी ती भाषणं यादीतून गळतील.

सभागृहात सरकार क्वचितच म्हणतं की अमुक सभासदाचं ऐकून बदल केला. आपल्याला तारखा जुळवून पाहाव्या लागतात.

---

हिशेबनीस

गिरगावकर, मान्य. मग कसोटी अशी सुधारतो: भाषणात नेमकं कलम, नेमका गट आणि नेमकं नुकसान सांगितलेलं हवं. 'मध्यमवर्गाला दिलासा द्या' हे मी मोजणार नाही. '२००१ पूर्वीची घरं, छोटी शहरं, आठपटीपेक्षा कमी वाढ' एवढं कोणी बोललं असेल तर मोजेन.

---

पडताळा

आकड्यांबद्दल थोडं, कारण ते कसे बनतात हे न कळता लोक त्यावरून भांडतात.

हजेरी म्हणजे नोंदवहीतली सही. सही करून माणूस दिवसभर बाहेर असू शकतो. मंत्री सही करत नाहीत, त्यामुळे त्यांची हजेरी दिसत नाही. दिसत नाही म्हणजे शून्य नव्हे. मंत्री प्रश्नही विचारत नाहीत. एखादा खासदार मध्येच मंत्री झाला तर त्याचा पाच वर्षांचा आकडा दुसऱ्या कोणाशी ताडून पाहू नये.

'चर्चा' या रकान्यात अर्थसंकल्पावरचं अर्ध्या तासाचं भाषण आणि शून्य प्रहरातली दोन मिनिटं सारखीच, एक-एक. नियम ३७७ खाली दिलेली लेखी सूचना पण त्यातच. म्हणून आकड्यावर न थांबता विषयांची यादी उघडायची.

प्रश्नांचं असं: लोकसभेत रोज २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात. कोणाचा येणार ते सोडतीने ठरतं. एका दिवसासाठी एका सभासदाचे जास्तीत जास्त पाच, त्यात तारांकित एकच. त्यामुळे तारांकित प्रश्न लागणं हा बराचसा नशिबाचा भाग. पण अतारांकित प्रश्नाचा दर्जा पूर्ण त्याच्या हातात असतो. एकाच प्रश्नाखाली अनेक नावं दिसली तर समजा की सारखे प्रश्न एकत्र केलेत.

शोधायला संसदेच्या संकेतस्थळावर सभासदाच्या नावाने प्रश्न आणि वादविवाद दोन्ही मिळतात. मंत्रालय निवडताना 'वित्त', 'गृहनिर्माण व नागरी कामकाज' आणि 'ग्रामीण विकास' तिन्ही वेगवेगळे टाकून पाहा. खेड्यातल्या घरकुलांचे प्रश्न ग्रामीण विकासाखाली असतात आणि लोक नेमके तिथे पाहायचं विसरतात.

---

निळा डोंगर

वाचनखूण साठवली. पडताळा, धन्यवाद.

---

शिवारातून

ग्रामीण विकासावरून पुढे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराला सपाट प्रदेशात १.२० लाख आणि डोंगराळ प्रदेशात १.३० लाख मिळतात, केंद्र-राज्य वाटा ६०:४०. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. लाभार्थ्याला हे हप्त्याहप्त्याने मिळतं, पाया, भिंती, छत अशा टप्प्यांवर फोटो चढले की.

आता वाईट प्रश्न कसा असतो: 'महाराष्ट्रात घरकुलांना विलंब होत आहे हे खरे आहे काय, असल्यास शासन काय उपाययोजना करीत आहे?' उत्तर येतं: 'जमीन आणि वसाहत हे राज्याचे विषय आहेत.' पुढे दोन पानं योजनेची माहिती. झालं.

चांगला प्रश्न: मंजूर घरं किती, त्यातली पहिला हप्ता मिळूनही बारा महिन्यांत दुसरा न मिळालेली किती, जिल्हानिहाय. जागा नसल्यामुळे अडलेले लाभार्थी किती. राज्याकडून उपयोगिता प्रमाणपत्र (मिळालेला पैसा खर्च केल्याचं) कोणत्या वर्षाचं बाकी आहे आणि त्यामुळे केंद्राचा किती हप्ता थांबला आहे. यातलं सगळं केंद्राच्याच नोंदीत असतं, त्यामुळे 'राज्याचा विषय' म्हणून टाळता येत नाही. प्रश्नाला १५० शब्दांची मर्यादा आहे, तेवढ्यात हे आरामात बसतं.

प्रश्न नेमका नसला की उत्तरही नेमकं नसतं. मंत्रालयातले अधिकारी विचारलं तेवढंच सांगतात आणि त्यात त्यांची चूक नाही.

---

मुद्रांक

माझ्या मते सगळ्यात मोठी गफलत वेगळीच. अनेक सभासद बरोबर मागणी चुकीच्या सभागृहात करतात आणि टाळ्या घेतात.

घर घेताना लागणाऱ्या पैशांचंच पाहू.

बांधकाम चालू असलेल्या घरावरचा जीएसटी: १ एप्रिल २०१९ पासून ५ टक्के, आणि परवडणाऱ्या घरावर १ टक्का, आधीच्या टप्प्यातल्या कराची वजावट बिल्डरला नाही. परवडणारं म्हणजे ४५ लाखांपर्यंत, आणि चटई क्षेत्र महानगरात ६० चौरस मीटर, इतरत्र ९०. हा दर ना वित्त विधेयकात असतो ना राज्याच्या अर्थसंकल्पात. तो जीएसटी परिषदेच्या शिफारशीने, अधिसूचनेने बदलतो. परिषदेत राज्याचा मंत्री बसतो. म्हणजे '४५ लाखांची मर्यादा मुंबईसाठी वाढवा' हे दिल्लीत बोलण्याइतकंच, किंबहुना जास्त, विधानसभेत आपल्या अर्थमंत्र्याला विचारायला हवं: परिषदेत तुम्ही हा विषय कोणत्या बैठकीत मांडलात?

मुद्रांक शुल्क: राज्याचं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ९ खाली सरकार राजपत्रात आदेश काढून ते कमी करू शकतं, विधेयक लागत नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये ३ टक्क्यांची आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये २ टक्क्यांची सूट अशीच दिली होती. महिलांच्या नावे घर घेतल्यास १ टक्का सवलत २०२१ च्या अर्थसंकल्पात आली, १ एप्रिलपासून लागू झाली. पण तिला अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. अडचण असलेली बाई घर विकायला निघाली तर अर्धं गिऱ्हाईकच गेलं. ती अट २०२३ मध्ये काढली. अशा अटी अर्थसंकल्पी भाषणात नसतात, आदेशात असतात. आदेश वाचून त्यावर औचित्याचा मुद्दा किंवा लक्षवेधी लावणारा आमदार मला दहा भाषणं करणाऱ्यापेक्षा मोलाचा वाटतो.

नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार. मुद्रांक शुल्क ज्यावरून मोजतात ते बाजारमूल्य तक्ते नोंदणी महानिरीक्षक ठरवतात, तेही नियमांखाली, सभागृहात मतदानाला येत नाहीत.

गृहकर्जाच्या व्याजाची २ लाखांची वजावट मात्र आयकरातली, म्हणजे ती वित्त विधेयकाचीच गोष्ट. तिथे खासदारानेच बोललं पाहिजे. २०१४ मध्ये दीड लाखाची दोन लाख झाली ती त्यानंतर वाढली नाही, आणि नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराला ती मिळतच नाही.

---

गिरगावकर

मुद्रांक, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हायला हवा. घर घेणाऱ्याने चार दारं वाजवायची आणि प्रत्येक दारावर वेगळी पाटी!

---

चाळकरी

मुंबईच्या मालमत्ता कराचं उदाहरण इथे हवंच. ५०० चौरस फूट, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या घरांना करमाफी ही घोषणा सगळ्यांना आठवते. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, पण माफी मिळाली ती फक्त 'सर्वसाधारण करा'ला. मालमत्ता कराचं बिल हा एक कर नसतो. त्यात सर्वसाधारण कर, जल कर, जल लाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर असे घटक असतात. लोकांनी बिल उघडलं तर उरलेले सगळे तसेच. पूर्ण माफी जानेवारी २०२२ पासून आली.

विधेयक मंजूर होत असताना एखाद्याने उठून एवढंच विचारायला हवं होतं की, 'या कलमातला कर म्हणजे कोणता?' सुधारणा विधेयक दोन-तीन पानांचं असतं. पण ज्या कायद्यात ते सुधारणा करतं तो शेजारी उघडून ठेवल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा आहे आणि त्यातली कराची कलमं एकमेकांत गुंतलेली आहेत.

दुसरं, मुंबईत मालमत्ता कर भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या बाजारभावावर, २०१० पासून आहे. कायदा विधिमंडळाने केला, पण सूत्र नियमांत गेलं. मोकळ्या जमिनीवर उद्या किती बांधता येईल ते धरून मूल्य काढणारे नियम २०, २१ आणि २२ उच्च न्यायालयाने रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. कारण नियम कायद्याच्या पुढे गेले होते. कायद्याखालचे नियम सभागृहापुढे ठेवले जातात, ते तपासायला समितीही असते. तिथे कोणी लक्ष घातलं तर एवढी वर्षं कोर्टात जात नाहीत.

---

सहकारी

चाळकरींच्या मुद्द्याला जोडून भाडे कायदा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. तो तात्पुरता म्हणून आला होता. विधिमंडळाने मुदत वाढवत नेली, पाच दशकं. भाडं इतकं कमी की मालक दुरुस्ती करेना, इमारती खचू लागल्या, म्हणून १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आणि उपकर आला. उपकरासाठी सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ', १९५० पर्यंतच्या 'ब', त्यानंतर १९६९ पर्यंतच्या 'क'. म्हणजे एका कायद्याने झालेलं नुकसान भरायला दुसरा कर. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितलं की गोठवलेलं भाडं काळाच्या ओघात अवाजवी झालं आहे. मग १९९९ चा नवा कायदा, ३१ मार्च २००० पासून लागू, वर्षाला ४ टक्के वाढ. पण ती वाढ मुळातल्या गोठलेल्या रकमेवर! पन्नास रुपयांवर ४ टक्के म्हणजे दोन रुपये.

इथे सभासदाच्या कामाचं मोजमाप अवघड होतं. मुदतवाढीच्या प्रत्येक विधेयकाला दोन्ही बाजूंनी हात वर गेले, कारण भाडेकरू मतदार जास्त. ज्याने त्या वेळी 'दुरुस्तीचा खर्च कोण करणार' असं विचारलं असेल त्याला मतं मिळाली नसतील, पण काम त्याचं खरं.

---

गिरगावकर

सहकारी, इथे थोडं थांबा. भाडेकरूचं संरक्षण म्हणजे नुसतं मतांचं राजकारण नव्हतं. गिरणगावात आठ बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला बाजारभावाने भाडं लावलं असतं तर तो कुठे गेला असता? भाडं न वाढवणं ही चूक धरली तरी पर्यायी घरं न बांधणं ही त्याहून मोठी, आणि ती अर्थसंकल्पातली चूक आहे. भाडे कायद्यावर गाजलेल्या भाषणांच्या शेजारी गृहनिर्माणाच्या मागणीवर कोण किती बोललं ते ठेवून पाहा.

---

सहकारी

ते मान्य. १९९९ च्या कायद्याने बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या संरक्षणातून वगळल्या. हा भेद आधीपासून असता तर गरीब भाडेकरू वाचला असता आणि फोर्टातली कार्यालयं पन्नास वर्षं फुकटात राहिली नसती.

---

टिपणवही

गृहनिर्माणाची मागणी कशी वाचायची ते कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

राज्याच्या अर्थसंकल्पी भाषणाचे दोन भाग असतात. पहिल्यात योजना, दुसऱ्यात कर. वर्तमानपत्रं बहुतेक पहिलं छापतात. भाषण बाजूला ठेवा आणि विभागाचं मागण्यांचं पुस्तक उघडा. त्यात प्रधान शीर्ष (सरकारी हिशेबातला खात्याचा क्रमांक) २२१६ म्हणजे गृहनिर्माणावरचा महसुली खर्च, ४२१६ भांडवली खर्च, ६२१६ घरांसाठी दिलेली कर्जं. नगरविकास २२१७. जमेच्या बाजूला मुद्रांक व नोंदणी ००३०. हे आकडे देशभर सारखे, त्यामुळे गोवा किंवा कर्नाटकाशीही तुलना करता येते.

प्रत्येक ओळीत गेल्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय आणि सुधारित अंदाज, येत्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज असे रकाने. सगळ्यात बोलका आकडा म्हणजे अर्थसंकल्पीय आणि सुधारित यांतला फरक. घोषणा १०० ची, डिसेंबरात सुधारित ६०, आणि मार्चअखेरचा प्रत्यक्ष त्याहून खाली, असं एखाद्या योजनेचं तीन वर्षं चालू असेल तर चौथ्या वर्षीच्या तरतुदीचं अभिनंदन करण्यात अर्थ नाही. नेमकं हे बोलणारा आमदार शोधा. प्रत्यक्षाचे अंतिम आकडे महालेखापरीक्षकांच्या विनियोजन लेख्यांत मिळतात आणि लोकलेखा समितीत त्यावर साक्षी होतात.

पुरवणी मागण्याही (वर्षाच्या मध्ये मागितलेला जादा खर्च) बघायच्या. त्या अधिवेशनाच्या सुरुवातीला येतात आणि एक-दोन दिवसांत संमत होतात. मार्चमध्ये गाजावाजा करून मांडलेल्या अर्थसंकल्पाचं खरं रूप पुरवणीत दिसतं.

---

निळा डोंगर

कपात सूचना म्हणजे नक्की काय? बातमीत वाचतो, पण शेवटी सगळ्या फेटाळल्या जातात. मग उपयोग काय?

---

कलम११०

मागणीतली रक्कम कमी करा असा सभासदाचा प्रस्ताव म्हणजे कपात सूचना. तीन प्रकार. धोरणाला विरोध असेल तर 'मागणी एक रुपयापर्यंत कमी करा'. काटकसर सुचवायची असेल तर ठरावीक रक्कम कमी करा. आणि एखादी तक्रार मांडायची असेल तर १०० रुपये कमी करा, याला सांकेतिक कपात म्हणतात. सूचना एकाच मागणीपुरती हवी, एकच विषय हवा, त्यात कायदा बदलण्याची सूचना नको, आणि भारित खर्चावर (ज्यावर सभागृहात मतदान होत नाही) चालत नाही.

फसतं कुठे? लोकसभेत सूचना नुसती दिली की मांडली गेली असं नाही. त्या मागणीची चर्चा सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांच्या आत आपल्या सूचनांचे क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टेबलावर द्यावी लागते. सभासद जागेवर नसेल तर गेली.

दुसरं, बऱ्याच मंत्रालयांची पाळीच येत नाही. शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकत्र मतदानाला टाकतात. मार्च २०१८ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये लोकसभेत सगळ्याच मागण्या अशा गेल्या. त्या वर्षांत गृहनिर्माणावर तुमच्या खासदाराचं भाषण नसेल तर तो गप्प होता असं समजू नका.

आणि कपात मंजूर होणं म्हणजे सरकारवरचा विश्वास गेला असं धरतात. पक्षादेश निघतो, दहाव्या अनुसूचीमुळे (पक्षांतरबंदी) तो मोडला तर सदस्यत्व धोक्यात. म्हणून सत्ताधारी सभासदाला पटली तरी तो मत देऊ शकत नाही.

---

शिवारातून

तरी उपयोग आहे. विधानसभेत कपात सूचना विभागाकडे जाते आणि विभागाला तिच्यावर टिपण करावं लागतं. तालुक्यातल्या अडलेल्या कामाची फाइल त्या निमित्ताने एकदा उघडते.

अवांतर: कर आणि खर्च एकत्र बांधण्याचं आपल्या विधिमंडळाचं सगळ्यात मोठं काम रोजगार हमीचं. वि. स. पागे त्या वेळी विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर पसरली. पैसा कुठून, तर १९७५ चा व्यवसाय कर कायदा. शहरातल्या पगारदाराने द्यायचा, गावातल्या हाताला काम मिळायचं, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्याने घालायची. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

---

मुद्रांक

अवांतरात भर: व्यवसाय कराला अनुच्छेद २७६ ची कमाल मर्यादा आहे. आधी वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. म्हणून आपल्याकडे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून बरोबर २,५००. ती मर्यादा वाढवणं विधानसभेच्या हातात नाही. इथे खासदारानेच बोललं पाहिजे. २०२३ च्या अर्थसंकल्पाने महिलांना २५ हजारांपर्यंतच्या मासिक पगारावर हा कर माफ केला, ते मात्र राज्याने केलं.

---

पडताळा

जुन्यांपैकी मधु दंडवते कोणी का आणले नाहीत? १९७१ ते १९९१ राजापूरचे खासदार. विरोधात असताना आकड्यांवर बोलणारे म्हणून ओळख, आणि १९ मार्च १९९० ला अर्थमंत्री म्हणून स्वतःचा अर्थसंकल्प मांडायची पाळी आली. आयकराची मर्यादा १८ हजारांवरून २२ हजार, सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द, आणि दहा हजारांपर्यंतची शेती कर्जं माफ. विरोधी बाकावरून जे मागितलं त्यातलं खुर्चीत बसल्यावर किती केलं, ही कसोटी फार थोड्यांना लावता येते. त्यांना येते.

---

चाळकरी

आणि समाजवादी नेत्या मृणाल गोरे. १९७२ ला विधानसभेत, १९७७ ला लोकसभेत, १९८५ ला परत विधानसभेत. शहरांतल्या जमिनीवर मर्यादा घालणारा कमाल जमीन धारणा कायदा १९७६ चा. त्यात जादा जमीन सरकारजमा होऊन दुर्बल घटकांची घरं व्हायची होती. प्रत्यक्षात कलम २० खाली सूट देण्याचाच धडाका. गोरेंच्या नागरी निवारा परिषदेने त्याच कायद्याचा आधार घेऊन, कोर्टात लढून, गोरेगाव-दिंडोशीला सहा हजारांहून अधिक घरं उभी केली.

त्या कायद्याचा शेवटही विधिमंडळातच झाला. केंद्राने १९९९ मध्ये तो रद्द केला, पण मूळ कायदा अनुच्छेद २५२ खाली राज्यांच्या ठरावांनी झाला असल्यामुळे आपल्या दोन्ही सभागृहांचा ठराव होईपर्यंत महाराष्ट्रात तो जिवंत होता. तो ठराव नोव्हेंबर २००७ मध्ये झाला. त्या दिवशी कोण काय बोललं ते कामकाजात आहे. घरांवरचं आमदाराचं काम तपासायचं असेल तर त्या चर्चेपासून सुरुवात करावी असं मला वाटतं.

---

सहकारी

समित्या राहिल्या. रेरा घ्या, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा. विधेयक राज्यसभेत ऑगस्ट २०१३ मध्ये आलं, स्थायी समितीकडून फिरून २०१५ मध्ये अनिल माधव दवे यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रवर समितीकडे (त्या विधेयकापुरती नेमलेली) गेलं, मार्च २०१६ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. ग्राहकाच्या पैशातला किती भाग वेगळ्या खात्यात ठेवायचा, यावर सगळी ओढाताण. २०१३ च्या मसुद्यात ७० टक्के, २०१५ च्या दुरुस्त्यांत ५०, आणि अंतिम कायद्यात पुन्हा ७०. समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, सभासदवार भाषणं मिळत नाहीत. पण अहवालाला जोडलेल्या इतिवृत्तात हजर कोण ते असतं, आणि असहमतीची टिपणं नावासकट छापलेली असतात. एखाद्याचं खरं मत तिथे सापडतं.

---

हिशेबनीस

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या अपेक्षेपेक्षा खूप पुढे गेला. मूळ प्रश्नाकडे येतो. एका सभासदाचं एक वर्षाचं काम तपासायला काय काय पाहायचं, हे तुमच्या प्रतिसादांवरून असं लिहून काढलंय:

अर्थसंकल्पावरच्या भाषणात कलम, शीर्ष किंवा मागणी क्रमांक आहे का. वित्त विधेयकावर स्वतःची दुरुस्ती दिली का. कपात सूचना दिली आणि मांडली का. गृहनिर्माण, वित्त, ग्रामीण विकास या तिन्हींचे अतारांकित प्रश्न. मागणी ज्या सभागृहात करायची तिथेच केली का. समितीतली हजेरी आणि असहमती. गिरगावकरांच्या आग्रहाखातर शेवटचा रकाना: भाषणानंतर काही महिन्यांत सरकारने तोच बदल केला का.

काही राहिलं?

---

पडताळा

आश्वासनं राहिली. मंत्री सभागृहात 'तपासून घेऊ', 'विचाराधीन आहे', 'माहिती गोळा करत आहोत' म्हणाला की ते आश्वासन म्हणून नोंदतात आणि लोकसभेत ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. नाही झालं तर मुदतवाढ मागावी लागते. आश्वासन समितीच्या अहवालांत प्रलंबित आश्वासनं प्रश्नाच्या क्रमांकासह असतात. तुमच्या खासदाराच्या प्रश्नाचा क्रमांक तिथे शोधा. सापडला तर पुढचं पाहा: त्याने नंतरच्या अधिवेशनात त्याच विषयावर पुन्हा विचारलं का? जिथे पाठपुरावा असतो तिथे दोन-तीन अधिवेशनांत सारख्या विषयाचे, पण दर वेळी जास्त नेमके होत गेलेले प्रश्न दिसतात.

---

टिपणवही

आमदारांसाठी अजून एक: नियम २९३ खाली विधानसभेत आणि नियम २६० खाली परिषदेत ज्या चर्चा होतात, त्यांत घरांचा विषय बऱ्याचदा येतो, आणि मंत्री शेवटी एकत्र उत्तर देतो. सभासदाचं भाषण वाचून थांबू नका, मंत्र्याच्या उत्तरात त्याच्या मुद्द्याला नाव घेऊन उत्तर दिलंय का ते पाहा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज दिवसवार आहे, बरीचशी पानं चित्ररूपात, म्हणून शब्द टाकून शोध लागत नाही. आधी दिवसाचा क्रम पाहून तारीख काढायची आणि मग ते पान उघडायचं.

---

हिशेबनीस

दोन्ही रकाने वाढवले. सुरुवात मुंबई उपनगरातल्या एका मतदारसंघापासून करतो, २०२४ च्या वित्त विधेयकावरच्या चर्चेपासून. ज्यांना दुसरा मतदारसंघ घ्यायचाय त्यांनी इथेच नाव लिहा, म्हणजे एकाच सभासदावर दोघांची मेहनत व्हायला नको.

---

शिवारातून

मराठवाड्यातला एक घेतो. ग्रामीण विकासाचे प्रश्न आधी काढतो.

---

मुद्रांक

पुणे जिल्हा. विधानसभा आणि लोकसभा दोन्ही, कारण मुद्रांक शुल्काचं एकीकडे आणि आयकराचं दुसरीकडे.